अडगळ विभागाची लढाई

बादलीवाल्यांचं खरं नाव ऑफिसात फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. बाकी सगळे त्यांना बादलीवाले म्हणत, आणि त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता, हेच त्यातलं दुःख. हेतू वाईट असता तर निदान रागावता आलं असतं.

ते ज्या कंपनीत होते ती व्हिडिओ गेम बनवायची. सध्याच्या गेममध्ये एक काल्पनिक राज्य होतं, त्यात किल्ले, जंगलं, जादूगार आणि डोंगरातल्या गुहेत एक ड्रॅगन. खेळणाऱ्याने वीर व्हायचं, गावोगाव भटकायचं, तलवार मिळवायची आणि शेवटी ड्रॅगनला मारायचं. आता वीर गावोगाव भटकणार म्हटल्यावर गावात घरं आली, आणि घरं आली की सामान आलं. ते सामान बादलीवाले करायचे. बादल्या, झाडू, चमचे, झाकणं, स्टुलं, दोरखंड, फुटके माठ. वीराला यातली कुठलीही वस्तू उचलता यायची. उचलून तिचं काही करता मात्र यायचं नाही. परत खाली ठेवता यायची, बस.

तरी बादलीवाल्यांनी कामात कधी कसूर केली नाही. झाडू करायचा होता तेव्हा त्यांनी बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या घरांतले झाडू मागून पाहिले होते. जुना झाडू एकाच बाजूने झिजतो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी राज्यातला प्रत्येक झाडू तसा झिजवला. गावचा सुतार डावखुरा होता म्हणून त्याच्या घरचा उलट्या बाजूने. या गोष्टीची दखल आजवर कुणी घेतली नव्हती. शेजारच्या टेबलावर त्यांच्या निम्म्या वयाचा एक तरुण ड्रॅगन करत असे. ड्रॅगनची एक नाकपुडी पुरी झाली तरी लोक खुर्च्या सोडून बघायला जमत आणि मागून बादलीवाल्यांना म्हणत, जरा सरकता का.

एका सोमवारी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. मॅडम म्हणजे कंपनीच्या प्रमुख. त्या कमी बोलत आणि जे बोलत ते लागलीच अमलात येई. त्या म्हणाल्या की गेम फार जड झालाय, उघडायला वेळ लागतो, तेव्हा ज्या वस्तूंचा खेळात उपयोग नाही त्या काढून टाकायच्या. ड्रॅगनवाल्याने लगेच सांगितलं की तेवढ्या जागेत ड्रॅगनला आणखी धूर देता येईल. मग बादलीवाल्यांनी काय करायचं, असं कुणीतरी विचारलं, आणि उत्तरही तयार होतं. त्यांनी धुराकडे जायचं. ड्रॅगनवाल्याच्या हाताखाली.

बादलीवाले मीटिंगमध्ये कधी बोलत नसत. त्या दिवशी मात्र आपल्याच तोंडून "उपयोग आहे" असे शब्द आलेले त्यांनी ऐकले. कशाचा, असं मॅडमनी विचारलं. आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. "सगळ्याचाच," ते म्हणाले.

मॅडमनी त्यांना महिनाअखेरच्या चाचणीपर्यंत मुदत दिली. बाहेरच्या माणसाला बोलावून गेम खेळायला लावायचा आणि मागे उभं राहून बघायचं, अशी ती चाचणी असते. त्यात वस्तू उपयोगी पडल्या तर राहतील. नाही पडल्या तर धूर.

घरी येऊन त्यांनी ही हकीकत बायकोला सांगितली. बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहते, त्यामुळे दुसऱ्याचं दुखणं ऐकून घेऊन त्याला दोन शब्दांत वाटेला लावण्याची तिला सवय आहे. ती म्हणाली, "अहो, मग आईला विचारा ना. तिला आजवर एक वस्तू निरुपयोगी वाटलेली नाही."

हे मात्र खरं होतं. सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचा माळाही राहायला आला होता. रिकामे डबे, दांडा गेलेल्या कढया, कशाची आहेत हे कुणालाच ठाऊक नसलेली झाकणं. "असू दे, लागेल" म्हणून त्या प्रत्येक वस्तू वर चढवत. बायको दर सुट्टीला माळा रिकामा करायला निघे आणि दर सुट्टीला त्यातली एखादी वस्तू नेमकी त्याच दिवशी लागे. बादलीवाल्यांचा असा संशय होता की सासूबाई ते मुद्दाम घडवून आणतात.

पण सासूबाईंना विचारायचं म्हणजे आधी आपण काय करतो ते सांगायला हवं, आणि तिथे त्यांचा मान आड येत होता. म्हणून त्यांनी स्वतःच सुरुवात केली. सगळ्यात सोपी वस्तू घेतली: बादली. बादलीने आग विझावी. यात चूक काढण्यासारखं काय आहे, असं तुम्हालाही वाटेल.

प्रोग्रामरबाईंनी, म्हणजे वस्तूंनी कसं वागायचं हे लिहिणाऱ्या बाईंनी, ते दुपारपर्यंत करून दिलं. संध्याकाळी कुणीतरी एक बादली पाणी ड्रॅगनच्या तोंडावर मारलं आणि ड्रॅगन विझला. राज्याचा संहारक खोकला आणि गुहेत जाऊन बसला. ड्रॅगनवाला तेव्हापासून त्यांच्याशी बोलेना. त्यांनी प्रोग्रामरबाईंना विनवलं की चुलीची आग विझू दे, ड्रॅगनची नको. बाई म्हणाल्या, आग ती आग, आपण कुठून आलो ते तिला कळत नाही.

मग झाडू. झाडू गावकऱ्यांच्या हातात दिला तर गाव जिवंत दिसेल, असं त्यांना वाटलं. गाव जिवंत झालंही. गावकरी सकाळी उठून झाडू लागले आणि चोराच्या पावलांचे ठसे, ज्यांच्या मागोमाग वीराने जंगलात जायचं असतं, ते झाडून टाकू लागले. एका खाणावळीत वीर लढाईनंतर बेशुद्ध पडला होता. खाणावळवाल्याने त्यालाही केर समजून उंबऱ्याबाहेर लोटलं. खुर्चीचा प्रयोग तर विचारूच नका. माणूस दमला की बसेल, एवढंच बादलीवाल्यांनी सुचवलं होतं. राजवाड्यातले पहारेकरी जे बसले ते शत्रू आत येऊन खजिना घेऊन गेला तरी उठले नाहीत. बादलीवाल्यांना त्यांच्यात काही चूक दिसत नव्हती, पण हे मीटिंगमध्ये सांगण्यासारखं नव्हतं.

शिवाय प्रत्येक उपयोगाला मंजुरी हवी. लढाई विभागाने लिहून मागितलं की झाकण ढाल म्हणून वापरता आलं तर ते खऱ्या ढालीपेक्षा कमी दर्जाचं राहील याची हमी द्या. कथा विभागाने प्रत्येक वस्तूचा पूर्वेतिहास मागितला. कथा विभागातला मुलगा मनापासून विचारायचा, "पण या चमच्याने काय सोसलंय?" बादलीवाल्यांना त्याला सांगावंसं वाटलं की चमच्याचं राहू दे. ते आयुष्यभर सरकारी कार्यालयांच्या खिडक्यांसमोर उभे राहिले होते, पण तिथे निदान चमच्याच्या भावना विचारत नसत.

एवढ्यात घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निरीक्षकांना सुगावा लागला. हे गृहस्थ वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांनी बादलीवाल्यांच्या कॉम्प्युटरवर गेम पाहिला आणि भर दिवाणखान्यात त्यांचा चेहरा लाल झाला. भरलेल्या बादलीचं वजन आणि रिकाम्या बादलीचं वजन एकच होतं. वीराच्या पिशवीत सहा तलवारी आणि एक नौकेचा नांगर होता आणि तो माणूस पळत होता. ही उघड फसवणूक आहे, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःचा तराजू घेऊन येऊ लागले, घरातली एकेक वस्तू तोलू लागले, आणि आकडे त्यांनी इतक्या निष्ठेने लिहून दिले की ते न वापरणं बादलीवाल्यांच्या जिवावर आलं. वापरले. वीर जागेवरून हलेना. पिशवीत काय आहे ते बघितलं तर एक स्टूल, एक घागर आणि सफरचंदं. खरा माणूसही हलला नसता, असं निरीक्षक समाधानाने म्हणाले.

चाचणी अगदी तोंडावर आली आणि बादलीवाले मनाने धुरात जाऊन बसले. त्या दिवशी संध्याकाळी सासूबाई चिडलेल्या होत्या. निरीक्षकांनी त्यांचं लाकडी स्टूल तोलायला म्हणून वर नेलं होतं आणि परत आणलं नव्हतं.

"आता मागायला जावं लागणार," त्या म्हणाल्या. "द्यायचं आपण, आणि मागायला जिना चढायचा तोही आपणच."

बादलीवाले ताडकन उठले. बायकोला वाटलं, ते स्टूल आणायला निघाले. ते निघाले होते ऑफिसला. वस्तूचा उपयोग वस्तूत नसतोच मुळी, असं त्यांना त्या क्षणी वाटलं होतं. शेजाऱ्याकडे मागायला जाण्यात तो असतो. बादली वीराकडे कशाला हवी? त्याने गावात कुणाचंही दार वाजवावं, लागेल ते मागावं, काम झालं की परत द्यावं. मग पिशवी जड होणार नाही, गावकऱ्यांना बोलायला विषय मिळेल आणि उपयोग सिद्ध होईल. प्रोग्रामरबाई घरी जायला निघाल्या होत्या. त्यांनी पर्स खांद्यावर ठेवूनच एक प्रश्न विचारला: वस्तू परत नाही दिली तर?

"मग मागायला येतील," बादलीवाले म्हणाले.

"आणि वीर घरी नसला तर?"

"जिथे असेल तिथे जातील. सोडतील कशाला?"

हे इतकं उघड होतं की त्यांनी त्यावर आणखी विचार केला नाही. बाईंनीही नाही, कारण त्यांची स्वतःची किसणी मैत्रिणीकडे अडकलेली होती. निरीक्षकांची वजनं काढून टाकली, एका गावकऱ्यावर प्रयोग करून पाहिला, तो सुरेख चालला, आणि बाकीच्या सगळ्यांना तोच नियम लावला. म्हाताऱ्या माणसांनी सावकाश चालावं, एवढी सुधारणा बादलीवाल्यांनी जाता जाता सुचवली.

चाचणीच्या सकाळी, जो बाहेरचा माणूस यायचा होता त्याला ताप आला. नियम असा की खेळणाऱ्याने जन्मात गेम खेळलेला नसावा, आणि असा माणूस तासाभरात शोधणं सोपं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, कुणाच्या घरी असं कुणी आहे का? बादलीवाले खाली बघत राहिले. पण ते सकाळी डबा विसरले म्हणून बायकोने डबा घेऊन सासूबाईंनाच पाठवलं होतं, आणि त्या दारात उभ्या होत्या. रखवालदार त्यांची पिशवी तपासत होता आणि त्यातून दोऱ्याचं रीळ, कात्री आणि दोन रिकामे डबे काढून टेबलावर मांडत होता.

त्यांना खुर्चीवर बसवलं. प्रोग्रामरबाईंनी कुठलं बटण कशाचं ते दाखवलं. सासूबाईंनी आधी पदर सावरला आणि मग वीर झाल्या. बादलीवाले मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभे राहिले. आता आपलं काय व्हायचं ते जगातल्या त्याच एका व्यक्तीच्या हातात आहे जिच्यापासून आपण आपलं काम लपवत आलो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

पहिल्याच घरात वीराला तलवार मिळते. सासूबाईंनी ती कपाटावर ठेवून दिली. लहान मुलांच्या हाताला लागायला नको, असं त्यांनी मॅडमना समजावलं. लढाई विभागाने मान खाली घातली. मग त्या गावात निघाल्या. प्रत्येक दार वाजवून चौकशी करत होत्या. एका घराला गळती लागली होती, तर विहिरीजवळच्या म्हातारीकडून शिडी मागून त्यांनी कौलं नीट केली. कुणाचा खराटा मागितला, कुणाची चाळण, कुणाची घागर. वस्तू उपयोगी पडत होत्या. मॅडमच्या भुवया किंचित वर गेल्या. बादलीवाल्यांना श्वास घ्यायचा असतो हे आठवलं.

पण गेम कुणाला गावात रमू देत नाही. ठरल्या वेळी घंटा वाजली आणि वीर सगळ्या उसन्या सामानासकट डोंगरावर पोचला. गुहेतून ड्रॅगन बाहेर आला. खरंच देखणा होता. त्याने पंख पसरले, छाती फुगवली, आणि तेवढ्यात मागून एक बाई आली आणि म्हणाली, "माझी घागर देता का?"

सासूबाईंनी घागर दिली. बाई गेली नाही तोच खराटेवाला आला. त्याच्यामागे चाळणवाली. डोंगराची पायवाट माणसांनी भरली. गाव रिकामं करून गाव आलं होतं आणि शिस्तीत रांग लावून उभं होतं. रांगेचं टोक गुहेच्या तोंडात शिरल्यामुळे ड्रॅगनला ना पुढे येता येईना, ना मागे जाता येईना. तो दोन गावकऱ्यांच्या मधून मान काढून बघत होता. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. ड्रॅगनवाला हसला नाही आणि बादलीवालेही हसले नाहीत. आपल्या कामाची अशी शोभा झालेली या खोलीत या दोघांनीच पाहिली होती.

सासूबाईंचं हसण्याकडे लक्ष नव्हतं. त्या एकेकाला त्याची वस्तू काढून देत होत्या. प्रोग्रामरबाई सांगत होत्या की आजी, डावीकडचं बटण दाबा, पळा. त्या पळाल्या नाहीत. गर्दी कमी झाली, ड्रॅगनला वाट मिळाली, त्याने आग ओकली आणि वीर तिथेच कोसळला. पडदा काळा झाला. खोलीत हशा चालूच होता.

मॅडमनी हात वर केला तेव्हा तो थांबला. "आजी," त्यांनी विचारलं, "तुम्ही पळाला का नाहीत?"

सासूबाईंना प्रश्नच समजला नाही. "लोकांच्या वस्तू होत्या ना हातात," त्या म्हणाल्या. "त्या देऊन मग मेलं तर चालतं."

 मग त्या ओशाळून म्हणाल्या की एक शिडी मात्र द्यायची राहिली, विहिरीजवळची ती म्हातारी बिचारी मागायला आलीच नाही. पुन्हा एकदा जाता येईल का?

पुन्हा जाता येत होतं. खेळ गुहेपासून परत सुरू झाला, सासूबाईंच्या खांद्यावर शिडी होती आणि समोर ड्रॅगन छाती फुगवत होता. तेव्हा ड्रॅगनवाला आपल्या टेबलाकडे धावला. "मी धरतो त्याला," तो म्हणाला. "जाऊ दे त्यांना." ड्रॅगन अर्ध्या श्वासावर थांबला.

सासूबाई डोंगर उतरू लागल्या. अर्ध्या वाटेवर त्यांना ती म्हातारी भेटली. सगळ्यांबरोबर तीही मागायला निघाली होती, पण पायाने अधू, अजून चढच चढत होती. सासूबाई थबकल्या. तिथेच शिडी तिच्या हातात देऊन मोकळं होता आलं असतं. बटण तसं सांगतही होतं. त्यांनी ते दाबलं नाही. एवढं ओझं ही कशी नेणार, असं पुटपुटत त्या पुढे निघाल्या आणि म्हातारी वळून त्यांच्या मागोमाग चालू लागली. तिला मागे टाकायचं नाही म्हणून त्या मधूनमधून थांबत होत्या. गावच्या वेशीत शिडी अडकली. सासूबाईंनी ती तिरपी केली, आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्या ऑफिसने मान तिरपी केली. मॅडमनीही केली. हसत मात्र कुणी नव्हतं. ज्या लोकांनी आजवर त्या सामानाकडे एकदाही बघितलं नव्हतं ते एक लाकडी शिडी दारातून नीट जाते की नाही म्हणून जीव मुठीत धरून उभे होते, आणि ती शिडी बादलीवाल्यांनी केली होती. 

म्हातारीच्या घराशी सासूबाईंनी शिडी भिंतीला टेकवून ठेवली. म्हातारी आत गेली. दार लागलं.

"धुराचं काय करायचं?" कथा विभागातल्या मुलाने हळूच विचारलं.

"आहे तेवढा धूर पुरे," मॅडम म्हणाल्या. "सामान राहील."

सासूबाईंनी मागे वळून बघितलं. आता तो ड्रॅगन मारायचा आहे का, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी ड्रॅगनवाल्याकडे पाहिलं. त्याचं बोट अजून बटणावर होतं.

"आज राहू दे, आजी," तो म्हणाला.

बादलीवाल्यांना इतका आनंद झाला होता की आपण नेमकं काय करावं ते त्यांना सुचेना. शेवटी ते सासूबाईंसाठी पाणी आणायला गेले.